तांब्याच्या थरबद्ध संयुगांतील चुंबकीय क्रम: आलेखातील रुंद उंचवटा म्हणजे संक्रमण नसेल, तर संक्रमण ओळखायचे कशावरून?

धानपट्टा (जि. गडचिरोली)

नमस्कार. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या अंतिम वर्षाला असून चौथ्या सत्राच्या संशोधन प्रकल्पासाठी तांब्याच्या द्विमितीय संयुगांतील असाधारण चुंबकीय क्रम हा विषय घेण्याचा माझा विचार आहे. हा विषय मार्गदर्शक सरांनी दिलेला नाही, तो मी स्वतः निवडला आहे. त्यामुळे आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयात तो निभावता येईल हे पटवून देण्याची जबाबदारीही माझ्यावरच आली आहे.

पाठ्यपुस्तकात शिकलो ते असे, की प्रतिलोहचुंबकी पदार्थ थंड करत गेल्यास ससेप्टिबिलिटी (बाह्य चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) वाढत जाते, नील तापमानाला आलेखात टोक येते आणि तेथून खाली स्पिन (आयनांवरील सूक्ष्म चुंबक) एकाआड एक उलट दिशांना स्थिरावतात; यालाच चुंबकीय क्रम म्हणतात. परंतु तांब्याच्या संयुगांबद्दल वाचू लागल्यावर हे चित्र कोठेच जुळेना. कॉपर फॉर्मेट टेट्राहायड्रेटच्या आलेखात ६० ते ७० केल्व्हिनच्या दरम्यान रुंद उंचवटा दिसतो, पण त्याचे नील तापमान मात्र सुमारे १७ केल्व्हिन दिलेले असते. लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये शेजारच्या स्पिनमधील परस्परक्रिया (तिची ऊर्जा तापमानाच्या एककात) सुमारे १५०० केल्व्हिन इतकी प्रबळ आहे, तरी क्रम सुमारे ३२५ केल्व्हिनलाच येतो. हर्बर्टस्मिथाइट या खनिजात तर परस्परक्रिया १८० केल्व्हिनच्या आसपास असूनही ५० मिलिकेल्व्हिनपर्यंत क्रम आढळलेला नाही.

तेव्हा क्रम कोठे येणार हे नेमके कशावरून ठरते, आणि "क्रम आढळला नाही" असे म्हणण्यासाठी किती पुरावा लागतो, हे मला समजून घ्यायचे आहे. तिसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. आमच्या रसायनशास्त्र विभागात गॉय तराजू (चुंबकीय क्षेत्रात नमुन्याच्या वजनात पडणारा फरक मोजणारा) आहे, एक मफल भट्टी आहे आणि माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे. खोलीच्या तापमानाखाली जाण्याची कोणतीही सोय नाही. एवढ्यावर या विषयातले खरेखुरे काही हाती लागू शकते का, की केवळ वाचनावर आधारित अहवाल लिहून मोकळे व्हावे?

---

निवृत्त_अध्यापक (आर्वी, जि. वर्धा)

प्रश्न चांगला मांडला आहे. आपण दिलेल्या आकड्यांतच अर्धे उत्तर दडलेले आहे, म्हणून आधी तिकडेच लक्ष वेधतो.

कॉपर फॉर्मेटमध्ये परस्परक्रिया सुमारे ७२ केल्व्हिन आहे आणि क्रम १७ केल्व्हिनला येतो; भागाकार करून पाहिल्यास ०.२४ मिळतात. लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये ३२५ ला १५०० ने भागल्यास ०.२२ येतात. एका पदार्थाची परस्परक्रिया दुसऱ्याच्या वीसपट आहे. एक पाण्यातून वाढवलेला निळा स्फटिक, तर दुसरा भट्टीत भाजलेला काळा ऑक्साइड. तरीही हे गुणोत्तर जवळजवळ एकच निघते. हा योगायोग नाही.

दोन्ही पदार्थांत तांब्याचे द्विधन आयन चौकोनी जाळीत बसलेले आहेत. अशा प्रत्येक आयनाच्या बाहेरील d उपकवचात नऊ इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे कवच पूर्ण भरायला एक कमी, आणि त्या एका रिकाम्या जागेमुळे प्रत्येक आयनावर अर्धा स्पिन उरतो. शेजारच्या दोन तांब्यांमधील ऑक्सिजन, किंवा फॉर्मेटच्या बाबतीत संपूर्ण फॉर्मेट गट, सुपरएक्स्चेंजचा, म्हणजे मधल्या अणूंमार्फत होणाऱ्या परस्परक्रियेचा, मार्ग पुरवतो. एकाच थरात ही परस्परक्रिया प्रबळ असते. एका थरातून दुसऱ्या थरात मात्र ती फारच क्षीण असते.

आता मर्मिन आणि वॅग्नर यांचे १९६६ चे प्रमेय आठवावे. स्पिनला सर्व दिशा सारख्याच मोकळ्या असतील आणि परस्परक्रिया लघुपल्ल्याची असेल, तर एकट्या द्विमितीय थरात शून्याहून अधिक असलेल्या कोणत्याही तापमानाला दीर्घपल्ल्याचा क्रम टिकू शकत नाही. म्हणून ७० केल्व्हिनच्या आसपास दिसणारा उंचवटा हे संक्रमण नसते. त्या तापमानाला शेजारी-शेजारी असलेले स्पिन एकमेकांची दखल घेऊ लागतात, उलटसुलट मांडणीचे लहान लहान पट्टे तयार होतात आणि मोडतात, आणि म्हणून बाह्य क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद वाढायचा थांबतो. चौकोनी जाळीसाठी हा उंचवटा परस्परक्रियेच्या सुमारे ०.९४ पट तापमानाला येतो हे गणिताने निश्चित झालेले आहे. त्यामुळे उंचवट्याचे स्थान पाहून परस्परक्रिया काढता येते. नील तापमान काढता येत नाही. अनेक विद्यार्थी येथे अडखळतात, आणि खरे सांगायचे तर काही प्रकाशित निबंधांतही या दोन गोष्टींची गल्लत झालेली मी पाहिली आहे.

तापमान आणखी उतरत गेले की हे पट्टे घातांकी वेगाने मोठे होतात. एका पट्ट्यात शेकडो किंवा हजारो स्पिन आले, की वरच्या थराशी असलेली एकेका स्पिनची नगण्य ओढ त्या संख्येने गुणली जाते. तो गुणाकार औष्णिक ऊर्जेशी बरोबरी करू लागला, की सर्व थर एकदम एकमेकांत अडकतात आणि त्रिमितीय क्रम येतो. पट्ट्यांची वाढ घातांकी असल्यामुळे थरांमधील ओढ दहापट कमी झाली तरी नील तापमान थोडेसेच खाली सरकते. एवढ्या वेगळ्या दोन पदार्थांचे गुणोत्तर जवळपास सारखे येण्याचे कारण हेच आहे.

हर्बर्टस्मिथाइटमध्ये अडचण मुळातच वेगळी आहे. तेथे तांब्याचे आयन कागोमे जाळीत, म्हणजे कोपऱ्याला कोपरा जोडलेल्या त्रिकोणांत बसलेले आहेत. त्रिकोणातील तीनही स्पिननी एकमेकांच्या उलट राहावे ही अट पूर्ण होऊच शकत नाही, त्यामुळे पट्टे मोठे होत नाहीत आणि थरांमधील ओढीला गुणले जायला काही मिळत नाही. अशा ठिकाणी उंचवटा कोठेही असो, त्याखाली क्रम येईलच असे म्हणण्याला आधार राहत नाही.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगावीशी वाटते. अर्ध्या स्पिनच्या चौकोनी जाळीत क्रम आला तरी तो अपुरा असतो. निरपेक्ष शून्यालाही क्वांटम आंदोलनांमुळे प्रत्येक स्थानावरील सरासरी स्पिन ०.५ न राहता सुमारे ०.३१ एवढाच उरतो. त्यामुळे तांब्याच्या ज्या संयुगांना आपण "सरळसाधी" म्हणतो, तीही पुरती साधी नसतात.

---

तांबडी_माती (पांढरकवडा परिसर, जि. यवतमाळ)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. केवळ वाचनाचा अहवाल मुळीच लिहू नका. ज्या विभागात गॉय तराजू चालू स्थितीत आहे, त्या विभागात तांब्याच्या चुंबकत्वावर खरे काम होऊ शकते.

तीन संयुगे घ्या: कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट, कॉपर अॅसिटेट मोनोहायड्रेट आणि कॉपर फॉर्मेट टेट्राहायड्रेट. पहिली दोन बहुतेक महाविद्यालयांच्या कपाटात असतात. तिसरे बेसिक कॉपर कार्बोनेट व फॉर्मिक आम्ल यांपासून तयार करता येते. द्रावण गाळून खोलीच्या तापमानाला संथपणे बाष्पीभवन होऊ दिले की निळे स्फटिक मिळतात. फॉर्मिक आम्ल त्वचा भाजते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी या गोष्टी सोडू नका. महत्त्वाचे म्हणजे हे काम हिवाळ्यात उरकून घ्या, कारण हे स्फटिक कोरड्या, तापलेल्या हवेत पाणी सोडून देतात आणि पाणी गेले की थरांची रचनाच बदलते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत उघड्या बाटलीत ठेवलेला नमुना कोणत्या संयुगाचा आहे हे खात्रीने सांगता येणार नाही.

आता खोलीच्या तापमानाला तिन्हींचे परिणामी चुंबकीय आघूर्ण मोजा. तराजूच्या प्रमाणीकरणासाठी मर्क्युरी टेट्राथायोसायनाटोकोबाल्टेट वापरण्याचा प्रघात आहे. ते पाऱ्याचे संयुग असल्यामुळे जपून हाताळावे लागते. प्रतिचुंबकी दुरुस्ती (भरलेल्या कवचांच्या क्षीण उलट प्रतिसादाची वजावट) पास्कलच्या स्थिरांकांवरून, म्हणजे प्रत्येक अणूसाठी दिलेल्या कोष्टकातील मूल्यांवरून, करा. कॉपर सल्फेटचे आघूर्ण सुमारे १.९ बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या चुंबकीय आघूर्णाचे एकक) मिळायला हवे, म्हणजे जवळपास मोकळ्या स्पिनइतके. फॉर्मेटचे १.७ च्या आसपास येईल, कारण परस्परक्रिया ७२ केल्व्हिनची असल्यामुळे ३०० केल्व्हिनलाही तिचा प्रभाव जाणवतो. अॅसिटेटचे मात्र १.४ च्या आसपासच मिळेल. तेथे तांब्याचे दोन आयन चार अॅसिटेट गटांनी एकमेकांजवळ बांधलेले असतात आणि त्यांचे स्पिन जोडीने एकमेकांना रद्द करू पाहतात. ती जोडी फोडायला ४०० केल्व्हिनहून थोडी अधिक ऊर्जा लागते.

या संयुगाचा इतिहासही आपला आहे. कोलकात्यात बी. सी. गुहा यांनी कॉपर अॅसिटेटची ससेप्टिबिलिटी कमी तापमानाला विचित्र रीतीने घसरते हे मोजून १९५१ साली प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमधील ब्लीनी व बॉवर्स यांनी त्याचा जोड्यांवरून उलगडा केला. आज जगभर वापरले जाणारे ब्लीनी-बॉवर्स समीकरण त्यातून आले. पदवीच्या प्रात्यक्षिकात "१.४ आले, म्हणजे तुमचे काहीतरी चुकले" असे सांगून विद्यार्थ्याला परत पाठवल्याची उदाहरणे माझ्या कानावर आली आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

खरी गंमत द्रव नायट्रोजनच्या तापमानाला आहे. ७७ केल्व्हिनला कॉपर सल्फेटची ससेप्टिबिलिटी खोलीच्या तुलनेत जवळजवळ चौपट होते, क्यूरीच्या नियमाप्रमाणेच (ससेप्टिबिलिटी तापमानाच्या व्यस्त प्रमाणात). फॉर्मेटची फक्त सुमारे दुप्पट होते, कारण तेथे आपण उंचवट्याच्या माथ्याजवळ पोचलेलो असतो. अॅसिटेटची वाढण्याऐवजी खोलीच्या तापमानाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास खाली येते. एकच धातू, एकच आयन, तेवढाच स्पिन आणि तीन वेगळी वर्तने. यांपैकी एकाही पदार्थात ७७ केल्व्हिनला चुंबकीय क्रम नसतो. निवृत्त अध्यापकांनी वर जे लिहिले आहे ते आपल्या हाताने मोजण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

द्रव नायट्रोजन कोठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. तो गडचिरोलीतही पोचतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या द्रव नायट्रोजनच्या पात्रांतच ठेवलेल्या असतात आणि त्यांचा पुरवठा पशुवैद्यकीय दवाखान्यांपर्यंत ठरावीक फेऱ्यांनी होतो. प्राचार्यांच्या सहीचे पत्र घेऊन जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाकडे रीतसर विचारणा करा. दवाखान्यातल्या वापरात असलेल्या पात्रातून मात्र "थोडासा द्या" म्हणून मागू नका. त्यातली पातळी उतरली तर कांड्या निकामी होतात आणि नुकसान शेवटी गोपालकाचे होते. पुरवठा करणाऱ्या गाडीकडूनच वेगळे पात्र भरून मिळते का ते पाहावे.

मोजमापातला एक सापळा आधीच सांगून ठेवतो, कारण तो पुस्तकात सहसा लिहिलेला नसतो. ऑक्सिजन ९० केल्व्हिनला द्रव होतो, म्हणजे ७७ केल्व्हिनच्या नळीत हवा शिरली तर तिच्यातला ऑक्सिजन आत साचू शकतो, आणि ऑक्सिजन स्वतःच समचुंबकी आहे. अॅसिटेटसारख्या जवळजवळ निष्प्रभ झालेल्या नमुन्यात त्यामुळे खोटा संकेत सहज मिळतो. नमुन्याची नळी कोरड्या नायट्रोजनने भरून, घट्ट बंद करूनच थंड करा आणि रिकाम्या नळीचे मोजमापही त्याच तापमानाला घ्या. त्याही आधी चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील फट मोजा. तीत निमुळते ड्युअर पात्र (द्रव नायट्रोजन ठेवायचे दुहेरी भिंतीचे पात्र) बसत नसेल तर बाकीची तयारी व्यर्थ ठरेल.

---

सातपुडा_संगणक (धारणी, जि. अमरावती)

प्रयोगाचा मार्ग चांगला आहे, पण तो हवामान, पुरवठा आणि ध्रुवांमधील फट यांवर अवलंबून आहे. लॅपटॉपवरचे काम त्याच्या जोडीने सुरू ठेवा, असा माझा आग्रह आहे. आणि प्रश्नातला "असाधारण" हा शब्द खऱ्या अर्थाने तेथेच हाताळता येईल, असे माझे स्पष्ट मत आहे. गॉय तराजूवर आपण परस्परसंबंध पाहाल, असाधारण क्रम नव्हे.

या कामासाठी मी शास्त्री-सदरलँड प्रतिमान सुचवतो. चौकोनी जाळी घ्या, तिच्या कडांवर क्षीण परस्परक्रिया ठेवा, आणि एक सोडून एक चौकोनात अशा रीतीने कर्ण टाका की प्रत्येक स्पिन एकाच कर्णावर येईल आणि शेजारचे कर्ण एकमेकांना काटकोनात असतील. कर्णांवरची परस्परक्रिया प्रबळ ठेवा. श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी १९८१ साली दाखवून दिले, की प्रत्येक कर्णावरचे दोन स्पिन जोडी करून एकमेकांना रद्द करतात ती अवस्था या जाळीची अचूक आयगेन अवस्था (निश्चित ऊर्जा असलेली अवस्था) असते. कारण समजायला सोपे आहे: कोणताही बाहेरचा स्पिन शेजारच्या कर्णाच्या दोन्ही टोकांना सारख्याच बलाने जोडलेला असतो, आणि जोडीतले दोन स्पिन एकमेकांना रद्द करत असल्यामुळे ती ओढ शून्य होते.

सुमारे अठरा वर्षे हे केवळ कागदावरचे प्रतिमान होते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेट या संयुगातील तांब्याचे थर नेमके याच जाळीचे आहेत. त्याच्या कडा आणि कर्ण यांच्या परस्परक्रियांचे गुणोत्तर सुमारे ०.६३ आहे, आणि जोड्यांची अवस्था सुमारे ०.६७५ पर्यंतच सर्वांत खालची राहते. म्हणजे निसर्गाने हा पदार्थ सीमेच्या अगदी अलीकडे आणून ठेवलेला आहे. दाब दिला की गुणोत्तर वाढते आणि सुमारे २ गिगापास्कलच्या आसपास जोड्या मोडून चार-चार स्पिनचे गट बनतात. दाब आणखी वाढवला की नेहमीचा प्रतिलोहचुंबकी क्रम येतो. या दोन अवस्थांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात नेमके काय आहे, यावर अद्याप वाद आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात तर याच पदार्थात दाब आणि तापमान यांच्या नकाशावर, सुमारे ४ केल्व्हिनच्या खालीवर, पाण्याच्या द्रव-वायू क्रांतिक बिंदूसारखा बिंदू सापडला. चौकोनी गटांची अवस्था हा क्रमच आहे, पण त्यात एकही स्पिन कोणत्याही दिशेला स्थिर झालेला नसतो. असाधारण म्हणायचे ते याला.

गणनेची सुरुवात चार स्पिनपासून करा. चार स्पिनचे वर्तुळ घेतल्यास किमान ऊर्जा उणे २ येते, दोन सुट्या जोड्यांची उणे १.५, परस्परक्रिया १ धरली आहे. हे हाताने सोडवता येते आणि आपला प्रोग्राम बरोबर चालतो की नाही ते लगेच कळते. मग चार बाय चारची जाळी घ्या. सोळा स्पिनच्या एकूण ६५,५३६ अवस्था होतात, पण एकूण स्पिनचा एक घटक शून्य असलेल्या अवस्था १२,८७० च आहेत, आणि पायथनमधील विरळ मॅट्रिक्सची (बहुतेक शून्यांनी भरलेल्या मॅट्रिक्सची) सोय वापरल्यास साध्या लॅपटॉपला त्या जड जात नाहीत. कर्ण काढून टाकल्यास प्रत्येक स्थानाची ऊर्जा उणे ०.७०१८ यायला हवी. अनंत जाळीसाठी हाच आकडा उणे ०.६६९४ आहे. या दोन आकड्यांमधला फरक अहवालात जरूर लिहा, कारण लहान जाळी किती फसवू शकते याचा तो लेखी पुरावा आहे. कर्ण टाकल्यावर आठ जोड्यांची ऊर्जा उणे ६ येते, गुणोत्तर काहीही असो. कोणत्या गुणोत्तराला दुसरी एखादी अवस्था तिच्याही खाली जाते, एवढेच शोधायचे. आपल्या लहान जाळीतले उत्तर ०.६७५ शी तंतोतंत जुळणार नाही. किती अंतराने चुकते आणि का, यावर परीक्षक चर्चा करू शकतील.

रात्री दहानंतर वीज आणि इंटरनेट दोन्ही स्थिर असतील तर आवश्यक ती पॅकेजेस एकदाच उतरवून घ्या. पुढचे सगळे काम ऑफलाइन होते.

---

धानपट्टा (जि. गडचिरोली)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ध्रुवांमधील फट आजच मोजतो. एक प्रश्न शिल्लक राहिला आहे आणि एक नवा उपस्थित झाला आहे. "क्रम आढळला नाही" हे म्हणण्यासाठी किती पुरावा लागतो, हे अजून समजलेले नाही. शिवाय सरांचे म्हणणे असे, की प्रकल्पाच्या शीर्षकात "क्वांटम स्पिन द्रव" (अतिशय कमी तापमानालाही स्पिन क्रमाने न स्थिरावणारी अवस्था) हे शब्द असावेत, म्हणजे पुढे पीएच.डी.च्या प्रवेशाच्या वेळी ते उठून दिसतील. फॉर्मेटचा नमुना बाहेर कोठे पाठवून १७ केल्व्हिनचे संक्रमण मोजून घेता आले, तर ते शीर्षकाला शोभेल का?

---

मूळचा_वाशीमचा (सध्या इंदूर)

सरांचा हेतू चांगला आहे, पण हे शीर्षक घेऊ नये. कॉपर फॉर्मेट १७ केल्व्हिनला क्रमबद्ध होते, तेव्हा त्याला स्पिन द्रव म्हणताच येणार नाही. आणि तोंडी परीक्षेत हा पहिलाच प्रश्न येईल.

पुराव्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या क्षेत्रात सर्वाधिक घोळ तेथेच होतो. पहिली गोष्ट अशी, की विशिष्ट उष्णतेच्या आलेखात टोक दिसले नाही म्हणजे क्रम नाही, असे द्विमितीय पदार्थांत म्हणता येत नाही. अर्ध्या स्पिनची एकूण एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) ठरलेली असते आणि तिचा मोठा भाग उंचवट्याच्या प्रदेशातच, लहान पट्टे तयार होताना खर्च होऊन गेलेला असतो. प्रत्यक्ष नील तापमानाला उरलेली एन्ट्रॉपी इतकी अल्प असते की टोक जवळपास दिसतच नाही. दुसरे असे, की खालच्या तापमानाला ससेप्टिबिलिटी वाढत राहिली म्हणजे स्पिन मोकळे आहेत, असेही म्हणता येत नाही. नमुन्यात एखादा टक्का भरकटलेले तांबे असले तरी ते क्यूरीच्या नियमाने वाढत जाऊन मूळ संकेत झाकून टाकते. हर्बर्टस्मिथाइटमध्ये जस्ताच्या सुमारे १५ टक्के जागांवर तांबे बसलेले आढळते, आणि त्यामुळे त्याचा कमी ऊर्जेचा प्रतिसाद मूळ कागोमे जाळीचा की या आगंतुकांचा, हा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे.

म्हणून दोन स्वतंत्र साधने लागतात. न्यूट्रॉन विकिरणात, म्हणजे नमुन्यावर सोडलेले न्यूट्रॉन कसे विखुरतात ते पाहताना, क्रम आला की नवी तीक्ष्ण शिखरे दिसतात; क्रम नसेल तर ऊर्जेच्या मोठ्या पट्टीत पसरलेला संकेत दिसतो, आणि २०१२ साली हर्बर्टस्मिथाइटच्या एकस्फटिकांवर तसाच तो दिसला. पण अर्ध्या स्पिनची शिखरे क्षीण असतात आणि ती न दिसणे हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखा, पण अधिक जड आणि अल्पायुषी कण) येथे उपयोगी पडतो. तो नमुन्यात जाऊन थांबतो आणि त्याचा स्वतःचा स्पिन आसपासच्या क्षेत्राभोवती फिरतो. आतले क्षेत्र स्थिर असेल तर आंदोलने दिसतात, आणि क्रम दीर्घपल्ल्याचा नसून गोठलेला, विस्कळीत असेल तरी संकेतावरून ते ओळखू येते. अतिशय लहान आघूर्णेही यातून सुटत नाहीत. दोन्ही साधनांनी, परस्परक्रियेच्या कितीतरी पट खालच्या तापमानापर्यंत काही न दिसले, तरच "क्रम आढळला नाही" हे विधान वजनदार ठरते. तरीही ते "या तापमानापर्यंत" असेच लिहायचे असते.

एवढे करूनही वाद मिटतोच असे नाही. अतिवाहक कॉपर ऑक्साइडांतील स्यूडोगॅप अवस्थेत (अतिवाहकता येण्यापूर्वीच इलेक्ट्रॉनांच्या काही ऊर्जापातळ्या विरळ होतात ती अवस्था) असाधारण चुंबकीय क्रम असल्याचा दावा २००६ मध्ये फ्रान्समधील ध्रुवित न्यूट्रॉनच्या (ज्यांचे स्पिन एकाच दिशेला वळवलेले असतात अशा न्यूट्रॉनच्या) प्रयोगांवरून पुढे आला. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ चंद्रा वर्मा यांच्या वलयप्रवाहांच्या (अणूंमधून वलयात फिरणाऱ्या सूक्ष्म प्रवाहांच्या) सिद्धांताशी तो जुळत होता. पुढे दुसऱ्या गटाला तसाच संकेत सापडला नाही आणि म्यूऑनच्या मोजमापांतूनही अपेक्षित क्षेत्र निर्विवादपणे मिळाले नाही. १९९५ साली लॅन्थॅनम श्रेणीतल्या संयुगात सापडलेला पट्टेदार क्रम (स्पिन आणि विद्युत्भार समांतर ओळींत मांडले जातात तो) मात्र आज सर्वमान्य आहे. दोन्ही दावे न्यूट्रॉनवरूनच आले होते. फरक असा, की पट्टेदार क्रमाची शिखरे अशा नव्या ठिकाणी येतात जेथे स्फटिकाच्या रचनेची शिखरे मुळातच नसतात. वलयप्रवाहांचा संकेत रचनेच्याच प्रबळ शिखरांवर चढलेला असल्यामुळे तो वेगळा काढावा लागतो.

नमुना पाठवण्याविषयी: विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचे वैज्ञानिक संशोधन संकुल याच कामासाठी आहे. इंदूर, मुंबई आणि कोलकाता येथे त्याची केंद्रे आहेत. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरील न्यूट्रॉन साधनांपर्यंत विद्यापीठांतील लोकांना पोचता येते ते मुंबई केंद्रामार्फत. प्रस्ताव विद्यार्थ्याच्या नव्हे, मार्गदर्शक अध्यापकाच्या नावाने पाठवायचा असतो. त्यात "स्पिन द्रवाचा शोध" असे न लिहिता "कॉपर फॉर्मेटमधील ससेप्टिबिलिटीचे ३०० ते ५ केल्व्हिनपर्यंत मोजमाप, ७७ केल्व्हिनचे मूल्य गॉय तराजूवर आधीच मिळालेले" असे लिहा. आधी काही मोजलेले आहे हे दिसले की प्रस्तावाकडे गांभीर्याने पाहिले जाते. न्यूट्रॉनचा विचार या सत्रात नको. हायड्रोजनमुळे पार्श्वभूमीचा गोंगाट इतका वाढतो की या संयुगाचे स्फटिक त्या कामासाठी जड पाण्यातून, ड्यूटेरियमयुक्त आम्लाने वाढवावे लागतात.

---

तांबडी_माती (पांढरकवडा परिसर, जि. यवतमाळ)

वरील प्रतिसादाला एक पुरवणी. फॉर्मेटचा स्फटिक थंड होताना सुमारे २३५ केल्व्हिनला थरांमधील पाण्याच्या रेणूंची मांडणी बदलते. हे चुंबकीय संक्रमण नव्हे, पण तेथून स्फटिक झपाट्याने खाली नेला तर तो तडकतो असा अनुभव आहे. म्हणून गॉय तराजूसाठी स्फटिक कुटून बारीक पूड करूनच नळीत भरा, आणि इंदूरला पाठवायची पूड त्याच खेपेत कुटलेली ठेवा, म्हणजे दोन्हीकडची ७७ केल्व्हिनची मूल्ये ताडून पाहता येतील. बाटलीचे बूच मेणाने बंद करा आणि पाठवण्यापूर्वी व पोचल्यावर वजन नोंदवायला सांगा. वजन घटले असेल तर पाणी गेले आहे आणि तो नमुना मोजण्यात अर्थ नाही.

शीर्षकासाठी माझी सूचना: "चौकोनी जाळीतील अर्ध्या स्पिनचे परस्परसंबंध: कॉपर फॉर्मेट, कॉपर अॅसिटेट आणि कॉपर सल्फेट यांचा तौलनिक अभ्यास". शास्त्री-सदरलँडची गणना त्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून बसते.